रिकाम्या बाटलीचा हिशेब

साडेचार किलो. डोंगरात फ्लाय फिशिंगला जाणाऱ्याच्या सॅकचं वजन याच्या आत असावं, असा नियम चेन्नईतल्या हौशी मंडळींत गेली काही वर्षं फिरतो आहे. आता तो नियम राहिलेला नाही, त्याचं व्रत झालं आहे, आणि ते न पाळणाऱ्याकडे मंडळी कीव आल्यासारखं बघतात. चेन्नईच्या ओएमआर रस्त्यावरच्या कंपनीत काम करणारा, मूळचा नाशिकचा एक तरुण मला भेटेल तेव्हा ऐकवतो, "ताई, तुमच्या सॅकमध्ये सामान कमी आणि भीती जास्त आहे." हे वाक्य त्याचं स्वतःचं नाही. या पंथात ते सर्रास म्हणतात. त्याच्याकडे संगणकावर एक तक्ता आहे. त्यात टूथब्रशपासून नखं कापायच्या कटरपर्यंत प्रत्येक वस्तूचं वजन ग्रॅममध्ये लिहिलेलं आहे, आणि खाली बेरीज आहे, ४ किलो ३०० च्या आसपास. मुलगा हुशार आहे, कष्टाळू आहे, गळ टाकतोही सुरेख. त्याचा तक्ता मात्र खोटा आहे.

खोटा कसा, ते सांगते. साडेचार किलो हा आकडा अमेरिकेतल्या दहा पौंडांवरून आला. तिथे त्याला 'बेस वेट' म्हणतात, आणि त्याची व्याख्या अशी, की वापरून संपणाऱ्या गोष्टी त्यात धरायच्या नाहीत. अन्न नाही, इंधन नाही, पाणीही नाही. व्याख्या मुद्दाम फसवण्यासाठी केलेली नव्हती. महिनोन्‌महिने चालणाऱ्यांना दोन सॅकची तुलना करायची होती, आणि अन्नपाण्याचं वजन रोज बदलतं, म्हणून ते बाजूला ठेवलं. वाटेवर दर दोन-तीन तासांनी झरा लागत असेल आणि हवा थंड कोरडी असेल, तर हा हिशेब चालून जातो. आपल्याकडे तो तसाच उचलून आणला, म्हणजे घरखर्चाच्या वहीत दूध आणि किराणा न लिहिता महिनाअखेरीस शिल्लक दाखवण्यासारखं झालं.

पुढे जाण्याआधी एक गैरसमज दूर करते. मी जड सामानाची वकील नाही. माझं वजन बावन्न किलो आहे आणि पाठीवर आपल्या वजनाच्या पाचव्या भागाहून जास्त भार नको, हा जुना ठोकताळा मला मान्य आहे. म्हणजे अन्नपाण्यासकट माझी मर्यादा साधारण दहा किलो. ऐंशी किलोच्या पुरुषासाठी केलेल्या याद्या माझ्या उपयोगाच्या नाहीत, त्यामुळे वजन कमी करण्याची गरज मला त्या नाशिककरापेक्षा अधिक आहे. राजगडावर पातेली, कांदे-बटाट्यांची पिशवी आणि वर ढोलकी चढवून त्यातच मर्दुमकी मानणारी आपली एक सह्याद्री-परंपरा आहे. तिच्याशी माझं काही देणंघेणं नाही. हलकं जावं, याबद्दल वाद नाहीच. वाद आहे तो काय मोजायचं याबद्दल.

पाण्यापासूनच सुरुवात करू, कारण पाण्याला सवलत नसते, एक लिटर म्हणजे एक किलो. चेन्नईहून गळ घेऊन निघणारा माणूस साधारण दोन दिशांना जातो. एक तर समुद्र आणि खाडी, म्हणजे उत्तरेला पुलिकतचं सरोवर, दक्षिणेला मुट्टुकाडूचं बॅकवॉटर आणि कोवळमचा किनारा. नाहीतर रात्रीची नीलगिरी एक्सप्रेस पकडून मेट्टुपाळयम आणि तिथून वर निलगिरी. पहिल्या दिशेला मासा कोडुवा, म्हणजे आपल्या रायगडकरांचा जिताडा. तिथे तुम्ही भर उन्हात, गुडघाभर खाऱ्या पाण्यात, सावलीचं झाड नसलेल्या वाळूच्या पट्ट्यावर पाच-सहा तास चालता. पस्तीस अंशांच्या दमट हवेत, जिथे घाम वाळतच नाही, तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी सहज लागतं. तीन ते चार लिटर, म्हणजे तीन ते चार किलो. 'बेस वेट'मध्ये या चार किलोंना जागाच नाही. तक्ता म्हणतो सॅक ४.३ किलोची आहे आणि खांदा म्हणतो आठ किलोंच्या पुढची. खांद्याला तक्ता वाचता येत नाही.

यावर हलक्या सॅकवाल्यांचं उत्तर तयार असतं, "पाणी वाहायचंच कशाला? शंभर ग्रॅमच्या आतला फिल्टर न्यायचा आणि वाटेवरचं पाणी प्यायचं." खाडीवर हे उत्तर पहिल्याच घोटाला संपतं, कारण बारीक नळ्यांचा फिल्टर जंतू अडवतो, मीठ अडवत नाही. निलगिरीत तरी चालेल ना? अगदी वर, शोला जंगलातून नुकत्याच बाहेर पडलेल्या ओढ्यावर चालेल. पण तुम्हाला गळ टाकू देतात त्या पाण्याच्या वरच्या अंगाला बहुतेक वेळा चहाचे मळे असतात, नाहीतर उतारावर गाजर, बटाटा, कोबीची वाफ्यावाफ्यांची शेती असते. तिथे जे फवारतात ते पावसाबरोबर ओढ्यात उतरतं. पाण्यात विरघळलेलं रसायन असल्या फिल्टरमधून सरळ आरपार जातं. फिल्टर विकणारे कागदावर हे बारीक अक्षरात लिहितात, वजनाचा तक्ता करणारे लिहीत नाहीत. सह्याद्रीतल्या वाचकांना हे वेगळ्या रूपात माहीत आहे. मार्चनंतर गडावरच्या टाक्यांत हिरवा गाळ उरतो, आणि पुण्यामुंबईहून आलेला प्रत्येक शहाणा माणूस पायथ्याच्या गावातून बाटल्या भरूनच वर चढतो.

बाटलीवरून आठवलं. या पंथाची सर्वांत लाडकी वस्तू कोणती असेल? टायटॅनियमचा चमचा नव्हे. दुकानात मिळणारी, एकदा वापरून टाकायची पातळ प्लास्टिकची पाण्याची बाटली. रिकामी असताना तिचं वजन तीस-चाळीस ग्रॅम, म्हणून स्टीलची बाटली हा त्यांच्या लेखी गुन्हा. आता हीच बाटली घेऊन निलगिरीत शिरून पाहा. निलगिरी जिल्ह्यात प्लास्टिकविरुद्धची मोहीम २००० च्या सुमारास, सुप्रिया साहू जिल्हाधिकारी असताना सुरू झाली. 'ऑपरेशन ब्लू माउंटन' तिचं नाव. पुढे मद्रास उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली बंदी कडक होत गेली, आणि आज तिथे प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्यांना मज्जाव आहे. वाटेत तपासणी होते, बाटली जप्त होते, दंड बसतो. पाण्यासाठी रस्त्याच्या कडेला यंत्रं बसवली आहेत, नाणं टाका आणि आपलं भांडं भरून घ्या. म्हणजे तिथल्या कायद्यानेच तुमच्या सॅकमध्ये दोन-तीनशे ग्रॅमची स्टीलची बाटली घातलेली आहे. अमेरिकेतला तक्ता हे सांगणार नाही. चेन्नईत बसून तक्ता करणाऱ्याने सांगायला हवं होतं.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर मुळावरच घाव घालते, कारण माझ्या मते या सगळ्या वादातला सर्वांत मोठा मुद्दा हाच आहे आणि त्याकडे कुणी बघत नाही. हलक्या सॅकच्या याद्यांमध्ये वजनाचा मोठा वाटा तीन गोष्टींचा असतो. निवारा, झोपायचं साहित्य आणि चूल. साहजिकच सगळी अक्कल आणि सगळा पैसा या तीन गोष्टींवर खर्च होतो. अमेरिकेत सरकारी जंगलाचे अफाट पट्टे आहेत. परवाना काढला, की आठवडाभर आत शिरून वाटेल त्या ओढ्याकाठी तंबू ठोकता येतो. तमिळनाडूत असं नाही. राखीव जंगलात आपल्या मनाने रात्र काढता येत नाही, जाळ करता येत नाही. राष्ट्रीय उद्यानात तर गळ टाकण्याचा विचारही करू नये. मुकुर्तीचे ओढे नकाशावर कितीही मोहक दिसोत, ते तुमच्यासाठी नाहीत.

हे नियम कोणा बाबूच्या लहरीने आलेले नाहीत. ११ मार्च २०१८ रोजी तेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात वणवा लागला. त्यात सापडलेल्या ट्रेकिंगच्या गटांतली माणसं चेन्नईची होती, तिरुप्पूर-ईरोडकडची होती, आणि त्यात बायका पुष्कळ होत्या. तेवीस जण गेले. त्याच वर्षी राज्य सरकारने जंगलातल्या भटकंतीसाठी नियम केले. मग ऑक्टोबर २०२४ मध्ये 'ट्रेक तमिळनाडू' या नावाने चाळीस वाटा रीतसर खुल्या झाल्या. आगाऊ नोंदणी करायची, बरोबर स्थानिक वाटाड्या, दिवसाउजेडी जायचं आणि परत यायचं, वणव्याच्या दिवसांत वाटा बंद. ज्याला हे जाचक वाटतं त्याने कुरंगणीच्या गवताळ उतारावर एकदा मार्चमध्ये उभं राहून बघावं. वाऱ्याच्या दिशेला ते गवत माणसाच्या पायांपेक्षा वेगाने पेटतं.

तर मग सांगा, सहाशे ग्रॅमचा डायनीमा कापडाचा तंबू कुठे लावणार? सत्तर ग्रॅमची टायटॅनियमची चूल कुठे पेटवणार? उत्तर असतं लॉजच्या खोलीत, किंवा हिमाचलच्या एखाद्या सहलीत, कधीतरी, सुट्टी मिळाली तर. चेन्नईहून कायद्याने करता येईल अशी फ्लाय फिशिंगची जवळपास प्रत्येक फेरी दिवसाची असते आणि रात्री छप्पर असतं. सॅकमधून निवारा, अंथरूण आणि चूल या तिन्ही गोष्टी एक पैसाही न खर्चता निघतात. पन्नास-साठ हजारांचा तंबू घेऊन दीड किलो वाचवल्याचा आनंद साजरा करणाऱ्याला मी हेच विचारते, की तो दीड किलो मुळात न्यायचाच कशाला होता?

फ्रीझ-ड्राय जेवणाचं तेच. पाकीट सव्वाशे ग्रॅमचं, मान्य. पण त्यात उकळतं पाणी घालावं लागतं, उकळायला चूल लागते, आणि चुलीची कथा वर झाली. चेन्नईच्या कुठल्याही घरात प्रवासाला पुळियोदरै, म्हणजे चिंचभात बांधून देतात. तो दिवसभर टिकतो, गार खाल्ला तरी चांगला लागतो, आणि चढावर घामाने गेलेलं मीठही परत देतो. वजन थोडं जास्त, हो. पण ते दुपारी संपतं, आणि पाकिटाचा चकचकीत कागद खाली परत आणावा लागत नाही.

आता खुद्द मासेमारीच्या साहित्याकडे वळू. इथे तर ग्रॅमचं वेड निव्वळ हास्यास्पद होतं. नऊ फुटी, पाच नंबरच्या चांगल्या फ्लाय रॉडचं वजन ऐंशी ते शंभर ग्रॅम. लाखाच्या घरातला रॉड आणि त्याच्या दहाव्या हिश्श्यात मिळणारा रॉड, यांत फरक पंधरा-वीस ग्रॅमचा. रील शंभर ते पावणेदोनशे ग्रॅम. एवढ्यावर तासन्‌तास चर्चा चालते. आणि त्याच सॅकमध्ये वेडर, म्हणजे छातीपर्यंतची ती रबरी विजार, असते एक-सव्वा किलोची, तिच्याबरोबरचे बूट आणखी सव्वा-दीड किलोचे, आणि भिजल्यावर किती ते विचारूच नका. त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही, कारण फोटोत वेडर असली की माणूस मोंटानातला दिसतो! निलगिरीच्या ओढ्यांचं पाणी गार असतं, पण ते बर्फ वितळून आलेलं नसतं. जुन्या बुटांनी आणि लवकर वाळणाऱ्या पँटनेच पाण्यात उतरावं, वर आल्यावर कोरडे मोजे घालावेत. खाडीत तर वेडर घालणं म्हणजे स्वतःला उकडून घेणं. वेडर आणि बूट घरी ठेवले की अडीच किलो उतरतात, आणि हे अडीच किलो जगातल्या कुठल्याही दुकानात विकत मिळत नाहीत. म्हणूनच कदाचित त्यांची जाहिरात होत नाही.

शिवाय चेन्नईत हलकं साहित्य सांभाळणं हीच एक शिक्षा आहे. तंबू, पॉन्चो, सॅकची आतली बाजू, यांवर पाणी अडवायला पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेला असतो. उष्ण आणि दमट हवेत हा थर हळूहळू सुटायला लागतो, चिकट होतो, त्याला आंबूस वास येतो. बुटांच्या तळातला फेस याच कारणाने भुसभुशीत होतो आणि एक दिवस तळ अखंड गळून पडतो, तोही बरोब्बर ओढ्याच्या मध्यावर. पिसांची जॅकेटं ओल धरून गठ्ठे होतात. डायनीमाला हा रोग नाही, पण त्याची किंमत बघितली की दुसराच रोग जडतो. मिनेसोटाच्या तळघरात पंधरा वर्षं टिकणारी वस्तू अड्यारच्या लोखंडी कपाटात चार पावसाळेही काढील याची खात्री नाही. कापड जितकं पातळ, तितकी ही घाई जास्त. निलगिरीतल्या घाणेरीच्या काटेरी जाळ्या त्याचं काय करतात ते वेगळंच.

या पंथाचा इतिहास बघितला की आणखी हसू येतं. अमेरिकेतली एमा गेटवूड ही सदुसष्ट वर्षांची आजी १९५५ साली अ‍ॅपलाचियन ट्रेल एकटीने पूर्ण चालली. तीन हजार किलोमीटरांहून लांब. तिच्या खांद्यावर घरी शिवलेली जाड कापडाची झोळी होती, पायात कॅनव्हासचे साधे बूट, आणि निवारा म्हणून न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा. पुढे रे जार्डीन यांनी १९९२ मध्ये पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलवरचं आपलं पुस्तक काढलं, त्यातही सांगणं हेच होतं, की घरी शिवा, कमी न्या, दुकानाच्या नादी लागू नका. त्यावर दुकानदारांनी काय केलं असेल ते सांगायला नको. आजीच्या झोळीचं तत्त्वज्ञान आता कार्बन फायबरच्या फ्रेमसकट, हप्त्यांवर मिळतं.

फ्लाय फिशिंगमध्येही असंच झालं. जपानच्या डोंगराळ भागातले मासेमार टेनकारा पद्धतीने गळ टाकत, म्हणजे लांब काठी, तिच्या टोकाला बांधलेली दोरी, रील नाहीच. २००९ मध्ये डॅनिएल गॅल्हार्डो यांनी टेनकारा यूएसए ही कंपनी काढून ती पद्धत अमेरिकेत नेली. पाटागोनिया कंपनीचे संस्थापक इव्हों शुइनार यांनी दोन सहलेखकांबरोबर २०१४ मध्ये साध्या फ्लाय फिशिंगवर पुस्तक लिहून तिचा पुरस्कार केला. मला टेनकारा मनापासून आवडते. निलगिरीच्या अरुंद ओढ्यांना तिच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही, काठी मिटली की हातभर होते आणि वजन शंभर ग्रॅमच्या आत. पण ज्यांना ती 'क्रांती' वाटते, त्यांनी कोकणातल्या कुठल्याही धक्क्यावर संध्याकाळी गरवायला बसलेल्या माणसांकडे बघावं, नाहीतर चेन्नईच्याच कुठल्याही कोळीवाड्यात. दोरा, गरी, शिसं, आमिषाचा डबा. त्या माणसाला कुणी हलक्या सामानाचा गुरू म्हणत नाही, कारण त्याने काहीच विकत घेतलेलं नाही.

आणि ज्या मद्रासच्या मासेमारीचा वारसा ही मंडळी सांगतात, तो तरी कसा होता? मद्रास सनदी सेवेतल्या हेन्री सलिव्हन थॉमस यांनी 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक १८७३ मध्ये मंगळुरात छापलं. मद्रास सैन्यातले डॉक्टर आणि मत्स्यशास्त्रज्ञ फ्रान्सिस डे यांनी १८६३ मध्ये निलगिरीत ट्राउट आणायचा पहिला प्रयत्न केला आणि तो फसला. १८७९ मध्ये निलगिरीतल्या शिकारीचं आणि माशांचं रक्षण करणारा कायदाच मद्रास सरकारने केला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एच. सी. विल्सन यांच्या खटपटीने रेनबो ट्राउट अखेर तिथे रुजला, अ‍ॅव्हलांचला अंडी उबवण्याचं केंद्र झालं. थॉमस आणि डे यांच्या ज्ञानाबद्दल मला आदर आहे. पण त्या काळच्या साहेबाची पाठ हलकी होती ती त्याने ग्रॅम मोजले म्हणून नव्हे. त्याचं सामान हमालांच्या डोक्यावर होतं. आज हिमाचलात, नेपाळात 'माझी सॅक सहा किलोची' असं सांगणाऱ्या कित्येकांच्या मागून खेचरं आणि पोर्टर येत असतात. ते वजन कुठल्या तक्त्यात लिहायचं? आपल्या पाठीवरून उतरलेलं वजन दुसऱ्याच्या पाठीवर गेलं असेल तर त्याला हलकं होणं म्हणू नये. तमिळनाडूच्या वाटांवर बरोबर येणारा वाटाड्या हा त्या डोंगरातलाच माणूस असतो. त्याला सॅक देऊन मोकळे होणारेही मी पाहिले आहेत, आणि त्यातले निम्मे हलक्या सामानावर व्याख्यान देणारे होते.

वेगाचा मुद्दा थोडक्यात संपवते. "सॅक हलकी म्हणजे चाल जलद, चाल जलद म्हणजे मासे जास्त." लांब पल्ल्याच्या चालण्यात पहिला अर्धा भाग खरा आहे. दुसरा अर्धा कुठेच खरा नाही. डोंगरी ओढ्यातला ट्राउट सावलीने, पावलाच्या धक्क्याने दगडाखाली जातो आणि बराच वेळ बाहेर येत नाही. तिथे ताशी पाच किलोमीटरची चाल घेऊन काय करायचं?

यापेक्षा गंभीर गोष्ट म्हणजे ग्रॅम कापताना सुरी कुठे फिरते. या याद्यांत पहिल्यांदा जातं ते प्रथमोपचाराचं सामान, मग टॉर्चची जादा बॅटरी, मग पावसाचा जाड कोट. ओआरएसचं एक पाकीट साडेवीस ग्रॅमचं असतं, त्यात लिटरभर द्रावण होतं. चेन्नईच्या उन्हात चक्कर आलेल्या माणसाला त्या लिटरइतकं मोलाचं काही नाही. टूथब्रशची दांडी कापून पाच ग्रॅम वाचवणाऱ्यांच्या सॅकमध्ये मी हे पाकीट क्वचितच पाहते. पावसाचं म्हणाल तर ऑगस्ट २०१९ मध्ये याच अ‍ॅव्हलांचला एका दिवसात ऐंशी सेंटिमीटरहून अधिक पाऊस पडला. मान्य, तशा दिवशी कुणी गळ घेऊन जाऊ नये. पण त्या डोंगरात सकाळचं निरभ्र आकाश दुपारची हमी देत नाही, आणि दीडशे ग्रॅमचा कागदी पॉन्चो पहिल्याच फांदीला फाटतो. भिजलेल्या माणसाला दोन हजार मीटरवर, वारा सुटला की थंडी बाधायला वेळ लागत नाही. भर पावसात रेनकोट अंगावर असावा, एवढ्याला भीती म्हणायचं असेल तर मी भित्री आहे.

मग न्यायचं काय? दिवसाच्या फेरीचं माझं सामान अवघड नाही. एक काठी, नायलॉनचं एक रीळ, एक डबी आणि तीत डझनभर फ्लाय, कारण ओढ्यातल्या ट्राउटला तुमच्या पाच डब्यांचं कौतुक नसतं. चिमटा, कटर. जळवांचे मोजे आणि एक कोरडा जोड. जाड रेनकोट, टॉर्च, शिट्टी, ओआरएसची दोन पाकिटं, एक रुंद चिकटपट्टी. परवान्याचा कागद. डब्यात पुळियोदरै. आणि पाणी, स्टीलच्या बाटल्यांत, भरलेलं. पाणी सोडून हे सगळं त्या साडेचार किलोंच्या आतच बसतं, आणि ही काही बढाई नव्हे. तंबू, चूल आणि वेडर वगळल्यावर कुणाचंही बसेल. पाण्यासकट ते सात-साडेसात किलो होतं, आणि माझ्या पाठीला कळणारा आकडा तोच आहे.

नाशिककर यावर म्हणतो, की आकडा चुकीचा असला तरी नवशिक्याला तो शिस्त लावतो, निदान तो विचार करायला लागतो. या युक्तिवादात तथ्य आहे. पहिल्यांदा डोंगरात येणारी मुलं खरोखरच तीन जीन्स, पॉवर बँकांची जोडी आणि ब्लूटूथचा स्पीकर घेऊन येतात. वजनकाटा समोर ठेवला की त्यांचे डोळे उघडतात. पण तोच काटा चुकीच्या गोष्टींवर ठेवला की नवशिका वेगळाच धडा शिकतो. हलकं व्हायला पैसे लागतात, पाणी ही मोजायची गोष्ट नाही, आणि यादी डोंगराच्या आधी तयार असते, हा तो धडा. त्यातून निघालेला माणूस एप्रिलमध्ये एक लिटर पाणी घेऊन पुलिकतच्या वाळूवर उतरतो, आणि मग त्याला उचलून आणायला दोघे लागतात. हे मी कल्पनेने लिहीत नाही. असा प्रसंग मी पाहिला आहे, आणि त्या माणसाच्या सॅकचं 'बेस वेट' खरोखरच कौतुकास्पद होतं.

तेव्हा या मंडळींना माझी एकच विनंती आहे. तक्ता ठेवा, हौसेने ग्रॅम मोजा, मला त्याचा काही त्रास नाही. फक्त त्यात वर एक रकाना वाढवा, जिथे जायचं त्या ठिकाणाचा. महिना कोणता, पाणी कुठे मिळेल, जंगल खातं काय करू देतं, रात्री छप्पर आहे का. तो रकाना भरल्याशिवाय खालचा एकही आकडा लिहू नका. आणि पुढच्या वेळी सेंट्रलवर गाडीत बसण्याआधी मला सॅकचं वजन अभिमानाने सांगायचं असेल, तर बाटल्या काठोकाठ भरून, डबा बांधून, सगळी सॅक एकदा काट्यावर ठेवा आणि तो आकडा सांगा. त्याच्यावर बोलायला मी केव्हाही तयार आहे.